गावातल्या घराची वीज, पाणी, सांडपाणी : येतं कुठून, बंद कुठे होतं, जातं कुठे

बदलीवर आलेले गुरुजी, उपकेंद्रावर रुजू झालेल्या सिस्टर, निवृत्तीनंतर वडिलोपार्जित घर उघडून राहायला आलेलं जोडपं अशा सगळ्यांची पहिल्या आठवड्यात एकच गत होते. नळाला पाणी कधी येतं ते कळत नाही, अर्ध्या घराची लाइन कुठल्या बटनाने जाते ते सापडत नाही आणि न्हाणीचं पाणी नेमकं कुठे मुरतं याचा पत्ता नसतो.

याचं कारण साधं आहे. विदर्भातलं खेड्यातलं घर एका दमात बांधलेलं नसतं. आधी कवेलूच्या, म्हणजे कौलारू, दोन खोल्या आणि सपरी, म्हणजे ओसरी, मग मागे न्हाणी, मग घरकुलाच्या पैशातून एक स्लॅबची खोली, सगळ्यात शेवटी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, शौचालय. दरवेळी वायर आणि पाइप तेव्हा जो माणूस हाताशी होता त्याने, जवळ पडेल तिथून ओढलेले. नकाशा कागदावर कधीच नव्हता. तो जुन्या मालकाच्या डोक्यात असतो. त्यामुळे किल्ली घेताना त्याला तासभर थांबवून घ्या आणि वीज, पाणी, गॅस, सांडपाणी या प्रत्येकाबद्दल चार गोष्टी विचारा : कुठून येतं, कुठे बंद होतं, कुठे जातं आणि गावात ते कोणाच्या हाती आहे. फोन नंबर लिहून घ्या. हे काम दिवसाउजेडी करायचं. सोबत टॉर्च, टेस्टर, बारा इंची पाइपपाना, टेफ्लॉन टेप, मार्कर आणि वही असू द्या.

वीज : खांबापासून सुरुवात करा

घराबाहेर उभं राहून आधी खांब शोधा. खांबावरून काळी सर्व्हिस वायर एका बारीक लोखंडी तारेच्या आधाराने घरापर्यंत येते. ती जिथे भिंतीला लागते तिथे नीट बघा. घर टिनाचं असेल तर जास्तच. वाऱ्याने वायर हलत राहते, टिनाच्या पत्र्याची कड वरचं प्लास्टिक घासून काढते आणि एखाद्या पावसात अख्खं छप्पर करंट मारायला लागतं. भिंतीला ओल आली की हात लावताच झिणझिण्या येतात. वायर पत्र्यापासून वीतभर तरी दूर हवी आणि जिथे टेकते तिथे पीव्हीसी पाइपचं तोंड हवं. खांबापासून मीटरपर्यंतची वायर महावितरणच्या अखत्यारीतली, तिला आपण हात लावायचा नाही. तक्रार १९१२ वर करता येते. त्यासाठी बारा आकडी ग्राहक क्रमांक लागतो, तो बिलावर वरच असतो. भिंतीवर मार्करने लिहून ठेवा, कारण लाइन जाते तेव्हा बिल अंधारात असतं.

याच निमित्ताने कपडे वाळवायची तारही बघून घ्या. ती लोखंडी असेल आणि एक टोक टिनाच्या सांगाड्याला किंवा विजेच्या खांबाला बांधलेलं असेल, तर आजच काढून नायलॉनची दोरी बांधा.

मीटर बहुधा सपरीत किंवा दर्शनी भिंतीवर. मीटरनंतर मेन स्विच. जुन्या घरात हा लोखंडी डब्याचा, बाजूला दांडी असलेला असतो आणि आत चिनीमातीचे दोन किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचे उपसता येणारे ठोकळे. नव्या कामात दोन खटक्यांचा एमसीबी असतो, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच. मेन खाली पाडा आणि घरात फिरून बघा, सगळं बंद झालं का? झालं नाही तर दोन शक्यता. एक, इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टरवरच्या बोर्डांना मेन पाडल्यावरही पूर्ण २३० व्होल्ट असतात. वायरमनसुद्धा इथे चुकतात, म्हणून दुरुस्तीआधी इन्व्हर्टरचं बटनही बंद करायचं. दोन, एखादी वायर मेनच्या आधीच कुठूनतरी घेतलेली आहे, बहुतेक कोठ्यातल्या, म्हणजे गोठ्यातल्या, दिव्याला किंवा मोटरीला. ती लगेच काढायला सांगा.

आता मीटरचा लाल दिवा बघा. मेन चालू ठेवून घरातली सगळी बटनं बंद करा, फ्रिज-टीव्हीचे प्लगही काढा. पाच मिनिटांत दिवा लुकलुकला नाही तर उत्तम. लुकलुकत राहिला तर कुठेतरी वीज झिरपते आहे किंवा तुमच्या मीटरवर शेजारच्याचा बल्ब चालतो आहे. दोन्ही गोष्टी गावात नवलाच्या नाहीत. बऱ्याच मीटरवर ३२०० इम्प असं छापलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. फक्त कूलर चालू ठेवून मिनिटाला दहा वेळा लुकलुकलं, तर तासाला ६०० वेळा, म्हणजे कूलर जवळपास १८८ वॅट खातो. जास्त बिल आलं की वाद घालण्याआधी हा हिशेब करून बघावा.

मग एकेक किटकॅट किंवा एमसीबी पाडत, कुठली खोली बंद होते ते मार्करने तिथेच लिहा : ‘सपरी’, ‘मागची खोली’, ‘मोटर’. किटकॅट मेन पाडल्याशिवाय उपसायचा नाही. त्यात कोणती तार आहे तेही बघून घ्या. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तांब्याची पीळ घातलेली तार भरून ठेवलेली घरं पुष्कळ आहेत. त्या तारेने फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते. दिव्या-पंख्यांच्या ५ अँपिअरच्या सर्किटला ०.२ मिलिमीटरची तार, १५ अँपिअरच्या बोर्डाला ०.५ मिलिमीटरची, आणि तीही दुकानातून मागून घेतलेली कल्हईची फ्यूज तार.

जुन्या बोर्डांतला आणखी एक छुपा दोष म्हणजे फेजसोबत (करंट आणणारी तार) न्यूट्रललाही (परतीची तार) फ्यूज असणं. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की दिवे बंद पडतात, माणूस समजतो लाइन गेली, आणि वायरीत फेज जिवंतच राहतो. फ्यूज फेजलाच हवा, न्यूट्रल सलग. पैसे खर्च करायचेच असतील तर रंगरंगोटीआधी परवानाधारक वायरमनकडून मेन स्विच काढून दोन खटक्यांचा एमसीबी आणि त्यापुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच लाइन तोडणारा खटका, बसवून घ्या. जीव वाचवतो तो आरसीसीबी, एमसीबी फक्त वायर वाचवतो. जुन्या घरात आरसीसीबी लावताच सारखा पडतो, मग लोक तो खराब म्हणून काढून टाकतात. तो खराब नसतो. भिंतीत कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र झालेले असतात किंवा ओल्या जागी गळती असते, आणि तो तेच सांगत असतो. वायरमनला एकेक सर्किट वेगळं करून दोष शोधायला लावा. महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटन दाबायचं. दाबल्यावर पडला पाहिजे.

रात्री-अपरात्री एक खूण ओळखता आली पाहिजे. वादळानंतर एका खोलीतला बल्ब डोळे दिपवण्याइतका प्रखर झाला, पंखा घोंघावत पळू लागला, तर खांबावरचा न्यूट्रल तुटला असं समजा. अशा वेळी २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब घरात येऊ शकतो. टीव्ही वाचवायला धावू नका, सरळ मेन पाडा, मग १९१२. शेजाऱ्यांनाही हाक द्या, त्यांच्याकडेही तेच चाललेलं असतं.

डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज गेला की गावातला एखादा हिकमती पोरगा काठी घेऊन चढतो. झिरो वायरमन म्हणतात त्याला. दरवर्षी अशा पोरांचे जीव जातात. तुम्ही नवखे आहात, लोक तुमच्याकडून पन्नास रुपये वर्गणी मागतील. देऊ नका, लाइनमनलाच बोलवा.

घर गावठाणाबाहेर शेतात असेल तर हिशेब वेगळा. गावठाणाचा फीडर (वीज उपकेंद्रातून येणारी लाइन) आणि शेतीचा फीडर बऱ्याच ठिकाणी वेगळे केलेले आहेत. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच मिळतं, तेही आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. भाड्याने घेण्याआधी घरमालकाला ‘फीडर गावठाणाचा की शेतीचा’ एवढं विचारलं तरी उन्हाळ्याचा अर्धा त्रास कळून येतो.

कूलर आणि अर्थिंग

अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. होळीपासून मृगापर्यंत घराचा सगळ्यात मोठा वापर कूलरचा, आणि विजेचा धक्का बसून होणाऱ्या अपघातांत कूलर पहिल्या ओळीत. लोखंडी पेटी, आत पाणी, त्यात बुडालेला पंप, पेटीला टेकलेली ओली गवताची ताटी आणि समोर ओल्या हाताने पाणी ओतणारा माणूस. याहून वाईट जुळणी मुद्दाम करायची म्हटली तरी जमणार नाही.

पंपाची वायर कुरतडलेली असली की पेटीत करंट उतरतो. अर्थिंग चांगलं असेल तर तो जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पण इथेच काळ्या मातीची गोम आहे. अर्थिंगचा पाइप म्हणजे जमिनीत अडीच मीटर पुरलेला ४० मिलिमीटरचा, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. काळी माती एप्रिल-मेमध्ये आकसते, भेगा पडतात आणि पाइपापासून सुटते. म्हणजे कूलर जेव्हा रात्रंदिवस चालतो, नेमकं तेव्हाच अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं. मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओता. अर्थिंगचा खड्डा सापडत नसेल तर मीटरखालून निघालेली हिरवी वायर किंवा लोखंडी पट्टी जमिनीत कुठे शिरते ते बघा. बरेचदा तो अंगण सारवताना बुजलेला असतो, नाहीतर वायर वरच तुटून लोंबकळत असते.

कूलर लावताना पाळायची रीत :

१. तीन पिनांचाच प्लग वापरा. वरची जाड पिन काढून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेला कूलर वापरायचा नाही.

२. पेटीला अर्थिंगची वायर स्क्रूने आवळलेली हवी, आणि तो स्क्रू रंगावर नाही, घासून उघड्या केलेल्या लोखंडावर.

३. पाणी भरताना बटन बंद करून पुरत नाही. गावातल्या वायरिंगमध्ये बटन न्यूट्रलवर बसवलेलं असणं नवीन नाही. प्लग उपसा, मग पाणी ओता.

४. कूलर लाकडी स्टँडवर, पायात चप्पल, आणि खिडकीच्या लोखंडी गजाला पेटी टेकू द्यायची नाही.

५. हंगामाच्या सुरुवातीला पंप बाहेर काढून वायरीला जोड आहे का बघा. पाण्यात बुडणारा जोड चिकटपट्टी गुंडाळून चालत नाही, वायर सलगच बदलायची.

पाणी

गावात घरी येणारं पाणी तीन वाटांनी येतं : ग्रामपंचायतीचा नळ, स्वतःची विहीर किंवा बोअर. बहुतेक घरांत दोन वाटा असतात आणि दोन्ही एकाच टाकीत सोडलेल्या असतात.

नळाची जोडणी अर्ध्या इंचाची. मुख्य पाइप रस्त्याकडेने, गावाचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह. तो फिरवणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी, गावात त्याला नळवाला किंवा व्हॉल्व्हमन म्हणतात. पाण्याच्या बाबतीत सरपंचाआधी त्याची ओळख करून घ्यावी. आपल्या ओळीला कोणत्या दिवशी किती वाजता पाणी सुटतं, उन्हाळ्यात किती दिवसांआड, हे त्यालाच ठाऊक असतं. जोडणी कोणाच्या नावावर आहे आणि घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी आहे का, हे ग्रामपंचायतीत नमुना ८ च्या (घराच्या कर-नोंदीच्या) उताऱ्यासोबत विचारून घ्या. थकबाकी निघाली तर ती मालकाशी आधीच मिटवून घ्या, नाहीतर नोटीस तुमच्या दाराला चिकटते.

नळ शोधायला अंगणात गेलात आणि तो जमिनीखाली हात-दीड हात खोल खड्ड्यात सापडला, तर चकित होऊ नका. दाब कमी असल्याने लोक नळ खाली-खाली नेतात. धोका पाणी सुटतं तेव्हा नसतो, थांबतं तेव्हा असतो. पाणी थांबलं की पाइप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते आणि खड्ड्यातलं साचलेलं, धुण्या-भांड्यांचं, पावसाळ्यात गोठ्याकडचं पाणी उघड्या तोंडातून पाइपात शिरतं. दुसऱ्या दिवशी तेच अख्ख्या ओळीला मिळतं. खड्डा ठेवायचाच असेल तर तळाशी सिमेंट करा, काठ जमिनीपासून वीतभर उंच बांधा, पाणी भरून होताच तोटी बंद करा आणि नळाआधी एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं न जाऊ देणारी झडप, टाका. टुल्लू पंप थेट नळाला लावणं हा याच दुखण्याचा मोठा भाऊ. तो पाइपातल्या प्रत्येक गळक्या सांध्यातून घाण ओढतो, पुढच्या घराचं पाणी तोडतो, शिवाय पंचायत तो जप्त करते. पाणी आधी जमिनीलगतच्या हौदात पडू द्या आणि मोटर त्या हौदावर लावा.

टाकी किती मोठी? जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. चौघांना २२० लिटर. पाणी दिवसाआड येत असेल आणि एक खेप चुकली, तर चार दिवस काढायचे, म्हणजे ८८० लिटर. म्हणून १,००० लिटरची टाकी. मे महिन्यात मोठा कूलर दिवसाला ५०-६० लिटर सहज पितो, तो वेगळा धरा. १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. कवेलूच्या घराच्या माथ्यावर किंवा साध्या अँगलच्या स्टँडवर ते ठेवायचं नाही. न्हाणीच्या स्लॅबवर, खाली भिंत असेल तिथे ठेवा. टाकीचा तळ तोटीपेक्षा तीन मीटर उंच असला तर दाब जेमतेम ०.३ किलोचा मिळतो. बादली भरायला पुरे, शॉवरकडून फार अपेक्षा नको.

टाकीतून निघणाऱ्या पाइपवर लगेच एक बॉल व्हॉल्व्ह हवा. नसेल तर आजच बसवा, कारण न्हाणीतली तोटी तुटली की दुसरा उपाय नसतो. उन्हात राहिलेला पीव्हीसी पाइप चार-पाच उन्हाळ्यांत ठिसूळ होतो आणि धक्का लागताच तुकडा पडतो. पाइपला चुना किंवा पांढरा रंग मारला तर तो बराच टिकतो. काळ्या जमिनीत पुरलेला पाइप दुसऱ्या कारणाने जातो : माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि सांधे उपसते. त्यासाठी चारी दोन फूट खोल, खाली-वर चार-चार बोटं वाळू, आणि भिंतीत शिरतो तिथे पाइप सिमेंटने घट्ट न धरता थोडा मोकळा.

बोअर असेल तर तिच्या डब्याशी ओळख करून घ्या. सिंगल फेजच्या पाणबुडी मोटरीच्या पॅनलमध्ये व्होल्टमीटर, अँपिअरमीटर, दोन कपॅसिटर आणि हिरवं-लाल बटन असतं. हिरवं दाबण्याआधी व्होल्टमीटर बघायचा. काटा २०० च्या खाली असेल तर थांबा. संध्याकाळी सात ते नऊ गावाचा दाब उतरतो, म्हणून पाणी पहाटे चढवावं. बटन दाबल्यावर मोटर नुसती गुणगुणली आणि पाणी आलं नाही, तर पाच सेकंदांत लाल दाबा. बहुतेक वेळा स्टार्ट कपॅसिटर गेलेला असतो. त्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा घ्या. तीन-चारदा ‘बघू, आता होते का’ करणाऱ्याची वाइंडिंग जळते. चालू मोटरीचा नेहमीचा अँपिअरचा आकडा डब्यावर लिहून ठेवा. एक हॉर्सपॉवरला तो साधारण सात-आठ असतो. आकडा अचानक खाली आला तर मोटर कोरडी फिरते आहे, वर गेला तर अडकली आहे. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजल इतकं उपसलेलं आहे की बोअर शेकडो फूट खाली गेल्या आहेत. तिथे मोटर अर्धा तास चालवून तासभर विसावा द्यायची पद्धत आहे, ती मोडू नका.

विहिरीवर मोनोब्लॉक (काठावर बसवलेला मोटर-पंप) असेल आणि मोटर फिरूनही पाणी चढत नसेल, तर शंभरातल्या नव्वद वेळा फूटव्हॉलमध्ये, म्हणजे पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या तोंडाच्या झडपेत, काडी अडकलेली असते. मोटरीच्या डोक्यावरचा नट उघडा, पाणी ओता. पातळी खाली उतरत राहिली तर तोच दोष.

पिण्यासाठी : टाकीतल्या १,००० लिटर पाण्याला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे चहाचा एक चमचा. थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत कालवा, पंधरा मिनिटं गाळ बसू द्या, वरची निवळी ओता आणि तासाभराने वापरा. विहिरीसाठी व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. आलेला आकडा म्हणजे तितके हजार लिटर. तीन मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे १४० ग्रॅम. पावडर डब्याचं झाकण उघडं राहिलं की मरते. उग्र वास येत नसेल तर ती भिंतीला लावायच्याच कामाची.

टीसीएलने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा आहे, तिथे बोअरचं पाणी जिभेलाच सांगतं. तिथे नळाचं पाणी पिण्याला आणि बोअरचं धुण्याला, हे दोन पाइप कधी एकत्र करायचे नाहीत. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत मात्र दगा चवीला न कळणारा आहे : फ्लोराइड. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते नको. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटल्याने प्रमाण वाढतं. ग्रामपंचायतीला सांगून नमुना तपासून घ्या आणि गावातल्या लाल रंगवलेल्या हातपंपाचं पाणी पिऊ नका, तो रंग हौसेने दिलेला नसतो.

गॅस आणि गोबरगॅस

यात फार गुंतागुंत नाही. १४.२ किलोचं सिलिंडर उभं, जमिनीवर, शेगडी त्याच्या वर ओट्यावर, चूल दुसऱ्या भिंतीला. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून दाराच्या फटी बुजवून झोपायचं नाही. गळतीचा वास आला तर बटन चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर काढा, दारं उघडा, १९०६ ला फोन करा. नारिंगी नळी पाच वर्षांनी बदला. उंदीर ती कुरतडतात, तेव्हा ओट्यामागे वाकून बघत जा. सिलिंडरच्या कडीवर ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, डी म्हणजे डिसेंबरपर्यंत. मुदत उलटलेलं सिलिंडर घेऊ नका.

अंगणात घुमटासारखा उंचवटा किंवा लोखंडी टोपी दिसली तर तो गोबरगॅस. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, आणि शेणाइतकंच पाणी. जनावरं नसतील तर त्याच्या मागे लागू नका. पण झाकण उघडून आत वाकूही नका, आणि मुलांना त्यावर नाचू देऊ नका.

शौचालय आणि न्हाणीचं पाणी

हा भाग लोक विचारायला लाजतात आणि नंतर सगळ्यात महागात पडतो. मालकाला स्पष्ट विचारा : दोन खड्डे आहेत की सेप्टिक टँक?

दोन खड्ड्यांचं असेल तर भांड्यापासून थोड्या अंतरावर फरशीने झाकलेली एक लहान चौकोनी पेटी सापडेल. तिथून दोन नाल्या दोन खड्ड्यांकडे जातात आणि त्यांतली एक विटेने बंद असते. पाच माणसांच्या घराचा, साधारण एक मीटर व्यासाचा आणि सव्वा मीटर खोलीचा खड्डा भरायला तीनेक वर्षं लागतात. भरल्याची खूण म्हणजे पाणी सावकाश उतरणं, पेटीत मैला मागे येणं. तेव्हा पेटी उघडा, भरलेल्या बाजूला वीट-सिमेंटने बंद करा, दुसरी मोकळी करा. बंद खड्डा किमान दीड वर्ष तसाच ठेवा, त्यानंतर आतला ऐवज कोरडा, काळा, बिनवासाचा सोनखत होतो. दोन्ही नाल्या एकदम मोकळ्या ठेवल्या तर दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि सगळा उद्देश बुडतो. ही चूक इतकी सर्रास आहे की राहायला आल्यावर पेटी उघडून बघाच. गवंड्याने वीट ठेवायची विसरलेली असते.

खड्ड्याच्या भिंती जाळीदार विटांच्या असतात, पाणी त्यातून मातीत मुरायचं. काळ्या मातीत ते फार हळू मुरतं, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर रुंदीचा वाळू-गिट्टीचा पट्टा द्यावा लागतो. तो दिलेला नसेल तर पावसाळ्यात पेटी तुंबणारच. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांलगत अडचण उलटी : पाणी जमिनीतच वर असतं. तिथे खड्डा उथळ आणि जोता उंच करतात. विहीर किंवा बोअर खड्ड्यापासून १५ मीटर तरी दूर हवी. शेजाऱ्याची विहीरही मोजा.

भांड्यात दोन लिटर पाणी ओतलं की पुरतं. अॅसिड, फिनाइल नको, त्याने खड्ड्यातले जंतू मरतात आणि मैला कुजत नाही. न्हाणीचं पाणी या खड्ड्यात सोडणं तर नकोच. या खड्ड्याला वास जायचा उभा पाइप लागत नाही, सेप्टिक टँकला मात्र लागतो. टँकचं बाहेर पडणारं पाणी गावच्या उघड्या नालीत सोडलेलं असेल तर भांडणाला तयार राहा. ते शोषखड्ड्यात जायला हवं. आणि टँक असो की खड्डा, आत माणूस उतरवायचा नाही. झाकण उघडून ठेवलं तरी विषारी वायू राहतो.

न्हाणी आणि भांड्यांच्या पाण्यासाठी वेगळा शोषखड्डा : एक मीटर लांब, रुंद, खोल. खाली मोठे दगड, वर मध्यम, वर गिट्टी, मधोमध तळाला भोकं पाडलेलं मडकं, मडक्यात नारळाचा काथ्या. साबणाचा साका आणि खरकटं काथ्यात अडकतं. काथ्या दर पंधरा दिवसांनी बदलायचा. एवढं केलं नाही तर दगडांवर चिकट थर बसतो आणि वर्षभरात खड्डा मरतो, मग दगड काढून धुण्याशिवाय इलाज नाही. खड्ड्याजवळ केळी किंवा अळू लावा, ती पाणी ओढून घेतात.

घर बंद करून जाताना

दिवाळीला किंवा मेच्या सुटीत महिनाभर जाणार असाल तर मेन पाडा, पण आधी इन्व्हर्टर बंद करा आणि फ्रिज रिकामा करून बंद करा. फ्रिजचं दार फटीएवढं उघडं ठेवा. रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा. टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद, अंगणातली तोटी बंद. बोअरच्या पॅनलमधला एमसीबी पाडा, कारण लाइन आल्यावर आपोआप चालू होणारा खटका लावलेला असेल तर मोटर तुमच्यामागे रिकामी फिरेल. मेच्या उन्हात शौचालयाच्या भांड्यातलं अडवणीचं पाणी दोन-तीन आठवड्यांत सुकतं आणि खड्ड्यातला वास, झुरळं, कधी विंचू घरात येतात. जाताना भांड्यावर ओल्या पोत्याची घडी टाकून वर फरशी ठेवा. परत आल्यावर ती फरशी हाताने उचलायची नाही, काठीने सरकवायची.